कारखानदार लक्ष्मणराव

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांतून मुलांच्या भवितव्याविषयी ठरलेल्या कल्पना असत. मुलाने इंग्रजी शिकावे, परीक्षा द्याव्यात आणि सरकारी कचेरीत कारकुनी, शाळेत शिक्षकी किंवा न्यायालयात वकिली करावी, हाच सुखाचा मार्ग मानला जाई. हाती हातोडा घेणे, भट्टीपुढे उभे राहणे, वंगणाने कपडे मळविणे ही पांढरपेशांची कामे नव्हेत, अशी समजूत सर्वत्र रूढ होती. अशा काळी एका शास्त्रसंपन्न घरातील मुलाने यंत्रांचा ध्यास घेतला आणि पुढे ओसाड माळावर कारखान्याचे गाव वसविले. त्यांचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत यांचा वेदान्ताचा व्यासंग मोठा होता. साहजिकच मुलांनी विद्याभ्यास करून नाव मिळवावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु लक्ष्मणाचे मन शाळेच्या पुस्तकांत रमेना. पाठांतराचा त्याला कंटाळा येई. चित्र काढावयास बसला म्हणजे मात्र त्याला वेळेचे भान राहत नसे. एखादी यांत्रिक वस्तू दृष्टीस पडली, की ती कशी चालते हे समजून घेतल्यावाचून त्याला चैन पडत नसे. शाळेच्या दृष्टीने हा मुलगा मागासलेला होता. त्याचे डोळे आणि हात मात्र सतत काही ना काही शिकत होते.

चित्रकलेचे शिक्षण घेण्यासाठी मुंबईस जाण्याचा मनोदय लक्ष्मणाने घरी बोलून दाखविला, तेव्हा तो वडिलांना रुचला नाही. चित्रे काढून पोट भरेल, हे त्या काळच्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला पटणे कठीणच होते. या प्रसंगी थोरले बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा धाकट्या भावाच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८५ साली, लक्ष्मणरावांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव घातले. बंधूंचा हा विश्वास त्यांना आयुष्यभर पुरला. पुढे जे जे उद्योग लक्ष्मणरावांनी आरंभिले, त्यांत रामूअण्णांचा वाटा मोठा होता.

कलाशाळेत दोन वर्षे उत्तम गेली. रेखाटनात लक्ष्मणरावांचा हात सफाईदार होता. परंतु रंगकामाची वेळ आली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना ओळखताच येत नव्हता. या दोषाला रंगांधत्व म्हणतात. तो बहुधा जन्मतःच असतो. अभ्यासाने किंवा औषधाने तो जात नाही. ज्याला असे रंग वेगळे दिसत नाहीत, त्याला आपल्याला काही कमी दिसते हेही पुष्कळ दिवस कळत नाही. ज्या विद्येसाठी घरच्यांचा रोष पत्करला, गाव सोडले, तीच विद्या आता निसर्गाने नाकारली होती. एखाद्या तरुणाने निराश होऊन परतीची वाट धरली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता.

लक्ष्मणरावांनी आपल्या स्थितीचा शांतपणे विचार केला. रंग गेले तरी रेषा हातात होती. यंत्रांच्या आराखड्यांत रंगांचे काम नसते. तेथे अचूक माप, नेमकी रेषा आणि वस्तूचे आतील अंग डोळ्यांपुढे आणण्याची शक्ती लागते. ही तिन्ही त्यांच्यापाशी होती. म्हणून त्यांनी रंगांची पेटी मिटून ठेवली आणि यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास चालू केला. बालपणीचे दोन नाद, चित्रांचा आणि यंत्रांचा, या ठिकाणी एकत्र आले. त्यातूनच त्यांच्या आयुष्याला निश्चित वळण लागले.

याच सुमारास, १८८७ साली, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन झाली. तेथे लक्ष्मणरावांना यांत्रिक रेखाटनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून जागा मिळाली. शिकविण्याचे तास संपले, की इतर शिक्षक घरी जात. लक्ष्मणराव संस्थेच्या कर्मशाळेत जात. तेथील यंत्रे उघडून पाहावीत, कोणता भाग कशासाठी आहे हे समजून घ्यावे, लेथवर स्वतः काम करावे, असा त्यांचा क्रम असे. अमेरिकेहून येणारी यंत्रविषयक नियतकालिकेही ते आवडीने वाचीत. कागदावर काढलेली वस्तू लोखंडात कशी उतरते, हे त्यांनी अशा रीतीने स्वतःच्या हातांनी जाणून घेतले. अभियांत्रिकीची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. गुरू, ग्रंथ आणि परीक्षा या तिन्हींची जागा कर्मशाळेने घेतली.

मुंबईच्या रस्त्यावर एके दिवशी त्यांना दोन चाकांच्या वाहनावर बसून जाणारा एक गृहस्थ दिसला. सायकल ही त्या वेळी नवलाची वस्तू होती. इतर लोकांनी ती पाहून आश्चर्य केले व ते विसरले. लक्ष्मणरावांच्या मनात मात्र आले, की ही वस्तू आपल्या गावाकडील लोकांनाही हवीशी वाटेल. १८८८ साली बंधूंच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचे छोटेसे दुकान निघाले. मुंबईहून सायकली धाडण्याचे काम लक्ष्मणरावांकडे आणि त्या विकण्याचे, दुरुस्त करण्याचे व लोकांना चालविण्यास शिकविण्याचे काम रामूअण्णांकडे, अशी वाटणी झाली. दुकानाला नाव दिले किर्लोस्कर ब्रदर्स. पुढे देशभर पसरलेल्या उद्योगाचे मूळ या लहानशा दुकानात आहे.

संस्थेत लक्ष्मणरावांनी अनेक वर्षे मन लावून काम केले. वरच्या जागेची वेळ आली, तेव्हा ती आपल्यालाच मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती, व ती गैरवाजवी नव्हती. परंतु त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाची नेमणूक झाली. परकीय राज्यात गुणांपेक्षा वंशाला अधिक मान मिळतो, याचा हा प्रत्यक्ष अनुभव होता. तो त्यांच्या मनाला फार लागला. १८९७ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. पुन्हा कोणाची चाकरी करावयाची नाही, असा त्यांनी मनाशी निश्चय केला होता.

बेळगावच्या दुकानाला आता कारखान्याचे रूप येऊ लागले. आरंभी लक्ष्मणरावांनी हाताला येईल ते काम केले. बटणे, औषधाच्या गोळ्यांसाठी लहान डब्या अशा बारीकसारीक वस्तू त्यांनी करून पाहिल्या. परदेशी पवनचक्क्यांची विक्री केली. यांपैकी कित्येक प्रयत्न फार काळ टिकले नाहीत. मात्र प्रत्येक प्रयत्नातून बाजाराची व मालाची पारख वाढत गेली. आपल्या देशात बहुसंख्य लोक शेतीवर जगतात. तेव्हा शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल अशी वस्तू केली तरच उद्योग तग धरील, हे त्यांच्या ध्यानात आले.

शेतकरी गुरांना कडबा घाली, तेव्हा जाड बुडखे तशीच टाकून दिली जात. कडब्याचे बारीक तुकडे केले तर गुरे तो सगळा खातात आणि चारा वाया जात नाही. हे ओळखून लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगराकडे लक्ष वळविले. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्याचा वक्र पत्रा मातीची ढेप उलटी पाडतो. त्यामुळे तणांची मुळे वर येऊन उन्हात वाळतात आणि खालची माती वर येते. परदेशात असे नांगर प्रचारात होते. पण ते महाग पडत. तसा नांगर आपल्याकडेच ओतून तयार करावा, असे लक्ष्मणरावांनी ठरविले.

नांगर तयार झाला, पण तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते व ती नापीक होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. वाडवडिलांपासून चालत आलेला लाकडी नांगर टाकून हे अवजड धूड कशाला घ्यावयाचे, असाही प्रश्न होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत भांडवल अडकून पडले; कामगारांचे पगार मात्र थांबवून चालणार नव्हते. अशा वेळी शेतकऱ्याच्या अज्ञानाला नावे ठेवून स्वस्थ बसणे सोपे होते. लक्ष्मणराव शेतकऱ्याची बाजू जाणत होते. एक हंगाम फसला तर ज्याच्या घरी उपासमार होते, तो नव्या गोष्टीला भिणारच. ती भीती डोळ्यांदेखत पीक दाखविल्यानेच जाईल, अशी त्यांची खात्री होती. काही धाडसी शेतकऱ्यांनी नांगर वापरला, शेते तणमुक्त झाली, पीक वाढले. आणि हळूहळू मागणी येऊ लागली.

उद्योग मार्गी लागतो न लागतो तोच नवे संकट उभे राहिले. बेळगाव नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडण्याची आज्ञा झाली. यंत्रे, कामगार आणि अर्धवट तयार माल घेऊन जावयाचे कोठे, हे कळेना. त्या वेळी औंध येथे एका मंदिराच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कलांचे मोठे चाहते होते. लक्ष्मणरावांची योग्यता ते ओळखून होते. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

जमीन म्हणजे निव्वळ माळ होता. सर्वत्र निवडुंगाची रानेच्या राने माजली होती आणि त्यांत नागांचा सुळसुळाट होता. १० मार्च १९१० रोजी या माळावर नव्या वसाहतीचा आरंभ झाला. निवडुंग तोडून जागा मोकळी करावयाची, विहीर खणावयाची, झोपड्या उभारावयाच्या आणि त्याच वेळी कारखानाही चालू ठेवावयाचा, असे दुहेरी काम होते. वस्तीची व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांसारखे कर्तबगार सहकारी लाभले. लक्ष्मणरावांची माणसे पारखण्याची रीत वेगळी होती. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांना समाजाने दूर लोटले होते, त्यांच्यावर विश्वास टाकला आणि त्या माणसांनी तो सार्थ केला. या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. हीच पुढे किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्ध झाली आणि रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले. भारतातील अगदी पहिल्या औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येणे बंद झाल्यामुळे नांगरांना मागणी वाढली. पण त्याच कारणाने लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरचे शाहू छत्रपती साहाय्यास आले. संस्थानातील जुन्या, निकामी तोफा त्यांनी किर्लोस्करांना दिल्या. युद्धासाठी ओतलेले लोखंड भट्टीत वितळले आणि शेतकऱ्यांच्या नांगरांच्या रूपाने शेतात गेले.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरापाठोपाठ पाण्याचे पंप, उसाचे चरक, तेलावर चालणारी इंजिने अशा अनेक वस्तू तयार होऊ लागल्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात शिकून १९२६ साली परतले व कारखान्यात काम करू लागले. पुढे हरिहर, पुणे आणि बंगळूर येथेही किर्लोस्करांचे कारखाने उभे राहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले.

लक्ष्मणरावांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. तरुणपणी त्यांच्यापुढील एकेक वाट बंद होत गेली; परंतु त्या वाटेवर मिळविलेले ज्ञान त्यांनी कधी टाकून दिले नाही. चित्रकार होता आले नाही, तरी रेखाटनाची कला यंत्रांच्या आराखड्यांत उपयोगी पडली. शिक्षकाची नोकरी सुटली, तरी शिकविण्याची हातोटी खेड्यातील अडाणी मुलांतून कुशल कारागीर घडविण्याच्या कामी आली. सायकलींच्या दुकानाने गिऱ्हाइकाचे मन ओळखावयास शिकविले आणि न खपलेल्या नांगराने धीर धरावयास. ज्या माळावर पूर्वी निवडुंगाशिवाय काही उगवत नव्हते, तेथे आजही यंत्रांचा आवाज ऐकू येतो. त्या आवाजात रंग न ओळखणाऱ्या, पण मनातील चित्र लोखंडात उतरविणाऱ्या एका थोर पुरुषाची स्मृती जिवंत आहे.