आरोप नाही, खटला नाही : सरदार अजितसिंगांची मंडालेची कैद

भगतसिंगांचं नाव माहीत नसलेलं गाव आपल्याकडे सापडणार नाही. पण त्यांचे सख्खे चुलते सरदार अजितसिंग कोण, असं विचारलं तर पारावरची निम्मी मंडळी गप्प बसतील. खरं तर शेतकऱ्याने हे नाव आधी ध्यानात ठेवायला हवं. कालव्याची पाणीपट्टी आणि जमिनीचा वारसा, या दोन गोष्टींवर बोलला म्हणून हा माणूस सरकारच्या डोळ्यांत खुपला. कुठल्याही कोर्टापुढे उभं न करता त्याला उचलून ब्रह्मदेशात नेऊन ठेवलं.

जन्म २३ फेब्रुवारी १८८१ चा, जालंधर जिल्ह्यातल्या खटकड कलां गावचा. भगतसिंगांचे वडील किशनसिंग हे थोरले भाऊ, स्वर्णसिंग धाकटे. जालंधर, लाहोर इथं शिक्षण झालं, पुढे कायदा शिकायला बरेलीला गेले. घर मात्र शेतकऱ्याचंच.

आता प्रकरण काय होतं ते नीट समजून घेऊ. चिनाब नदीवर कालवा काढून सरकारने १८९२ पासून लायलपूर भागात वसाहती उभ्या केल्या. लायलपूर म्हणजे आजचं पाकिस्तानातलं फैसलाबाद. तो सगळा ओसाड माळ होता. जालंधर, अमृतसरकडचे शेतकरी आपली गावं सोडून तिथं गेले. झुडपं तोडली, जमिनी सपाट केल्या, चाऱ्या काढल्या. आज ना उद्या जमीन नावावर होईल, या भरवशावर हे सगळं चाललं होतं. ज्याने माळरान मोडून रान केलंय त्याला यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

आणि १९०६ मध्ये सरकारने नवं विधेयक आणलं. राहायचं कुठं, झाड तोडायचं की नाही, घराची स्वच्छता कशी ठेवायची, सगळ्यावर अटी. मोडल्या की दंड. जमीन वारशाने एकाच मुलाकडे, म्हणजे थोरल्याकडे जाणार. वारस नसला तर सरकारजमा. चार भाऊ एका रानात राबणाऱ्या घराला हे कसं पटावं? त्यावर कडी म्हणजे, अंमलदाराच्या हुकमाविरुद्ध कोर्टात जायची वाटही बंद. त्याच सुमारास बारी दोआब कालव्याची पाणीपट्टी वाढली आणि रावळपिंडीकडे शेतसारा चढला. प्लेग तर गावोगाव होताच.

अजितसिंगांनी गावं पिंजून काढली. मार्च १९०७ मध्ये लायलपूरला मोठी सभा झाली. तिथं बांकेदयाल या संपादकांनी म्हटलेल्या गीतावरून सगळ्या चळवळीलाच ‘पगडी संभाल जट्टा’ हे नाव पडलं. लाला लजपतरायही त्या सभेत बोलले. सरकारला धास्ती होती ती वेगळीच. पंजाबी शेतकऱ्याची पोरं पलटणीत होती, आणि १८५७ ला बरोबर पन्नास वर्षं होत होती. मे महिन्याच्या सुरुवातीला रावळपिंडीत दंगल झाली. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर इबेट्सन यांनी पुढाऱ्यांना हद्दपार करण्याचा आग्रह धरला.

९ मे १९०७ ला लालाजींना पकडलं. अजितसिंग जूनच्या सुरुवातीला अमृतसरला हाती लागले. दोघांनाही मंडालेच्या किल्ल्यात वेगवेगळं ठेवलं.

इथं तारखा बघण्यासारख्या आहेत. २६ मे १९०७ ला व्हाइसरॉय मिंटो यांनी ते वसाहत विधेयक नामंजूर केलं. म्हणजे शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं खरं होतं, हे वरच्या सरकारने कबूल केल्यासारखंच झालं. आणि ते मांडणारा माणूस त्यानंतर पकडला गेला! खटला असता तर वकील उभा राहून विचारू शकला असता, की कायदाच मागे घेतलात तर याचा गुन्हा कोणता? पण आरोपच नव्हता, मग तो खोडायचा कसा?

वापरलेला कायदा १८१८ चा, कंपनी सरकारचा तिसरा रेग्युलेशन. आपल्याकडे पेशवाई बुडाली ते हे साल. गव्हर्नर जनरलला वाटलं की वॉरंट निघायचं. कैद्याच्या तब्येतीचा अहवाल पाठवायचा, त्याच्या कुटुंबाला भत्ता पुरतो का ते बघायचं, जमीन जप्त करायची असेल तर तीही सोय. सगळं लिहून ठेवलेलं, फक्त गुन्हा सांगायचं आणि मुदत ठरवायचं कलम नव्हतं. मुंबई इलाख्यातही १८२७ चा असाच रेग्युलेशन होता; पुण्याच्या नातू बंधूंना १८९७ मध्ये त्याखालीच अडकवलं होतं.

राजद्रोहाचं कलम हाताशी होतंच. पण त्याला पुरावा लागतो, साक्षी लागतात, आणि आरोपीला बोलू द्यावं लागतं. लोकमान्य टिळकांवर १९०८ मध्ये खटला चालला, सहा वर्षांची शिक्षा झाली, तेही मंडालेलाच गेले. शिक्षा अन्यायाचीच होती. पण टिळक ज्यूरीपुढे बोलले, आणि सुटकेचा दिवस मोजता येत होता. अजितसिंगांना उद्या सुटू की म्हातारपणी, हेही माहीत नव्हतं.

विलायतेत भारतमंत्री मोर्ले यांना पार्लमेंटात यावर उत्तरं देताना जड गेलं. स्वातंत्र्यावर पुस्तकं लिहिणारा उदारमतवादी माणूस तो! नोव्हेंबर १९०७ मध्ये दोघांना सोडलं. जसं पकडलं तसंच सोडलं, निर्दोष असा शेरा कुठंच नाही. लालाजींनी १९०८ मध्ये या हद्दपारीची हकीकत पुस्तकात लिहून ठेवली.

कैद पाच-सहा महिन्यांचीच होती, असं कुणी म्हणेल. पण एकदा बिनचौकशीने नेलेल्या माणसाला पुन्हा केव्हाही नेता येतं. १९०९ मध्ये पुन्हा अटकेची चिन्हं दिसल्यावर अजितसिंग इराणला निसटले. पुढे तुर्कस्तान, फ्रान्स, बरीच वर्षं ब्राझील, दुसऱ्या महायुद्धात रोमहून हिंदुस्थानीत रेडिओवर भाषणं. युद्ध संपल्यावर दोस्तांनी त्यांना युरोपात कैदेत टाकलं, आणि याही वेळी खटला नाहीच.

इकडे पत्नी हरनाम कौर अडतीस वर्षं सासरी वाट बघत राहिल्या. मूलबाळ नव्हतं. त्याच घरात पुतण्या भगतसिंग लहानाचा मोठा झाला आणि १९३१ मध्ये फासावर गेला, तेव्हा चुलता समुद्रापार होता.

सुटका झाली ती नेहरूंच्या हंगामी सरकारने खटपट केल्यावर. मार्च १९४७ मध्ये ते मायदेशी परतले, पण प्रकृती पार खचलेली होती. हवापालटासाठी डलहौसीला नेलं. १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे तिथंच त्यांनी प्राण सोडला. जवळच पंजपुला इथं त्यांची समाधी आहे. ज्या लायलपूरसाठी ते बोलले, ते त्याच दिवसापासून दुसऱ्या देशात गेलं होतं.