पुसट रेघेचा माणूस

फर्स्ट इयरला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये माझं एक रीडिंग बाकीच्यांशी जुळेना. ग्राफ सरळ यावा म्हणून मी ते खोडून दुसरं ‘बसवलं’. जर्नलवर सही मिळाली, विषय संपला! पुढे मास स्पेक्ट्रोमीटरवर सेमिनार द्यायची वेळ आली आणि लायब्ररीत फ्रान्सिस अ‍ॅस्टन भेटला. तेव्हापासून ते रीडिंग मला छळतंय.

अ‍ॅस्टनचा जन्म 1877 चा, बर्मिंगहॅमजवळच्या हारबोर्नचा. तीन वर्षं बिअरच्या कारखान्यात केमिस्ट होता. 1910 मध्ये तो केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांचा असिस्टंट झाला. तिथे वायूचे आयन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून वाकवून फोटोप्लेटवर घेत. निऑनचा अणुभार 20.2. प्लेटवर 20 ची ठळक रेघ उमटली, पण शेजारी 22 ची एक पुसट रेघही दिसली.

आपण असतो तर नळीत कचरा असेल म्हणून सोडून दिलं असतं. हा गडी मातीच्या सच्छिद्र नळ्यांतून निऑन पुन्हा पुन्हा गाळत बसला. फरक पडला, पण अगदी किंचित. मग महायुद्ध आलं. फार्नबरोला विमानांवर काम करताना एका अपघातातूनही तो वाचला.

परत येऊन 1919 मध्ये त्याने मास स्पेक्ट्रोग्राफ बांधला. वेग वेगळा असला तरी एकाच वस्तुमानाचे आयन त्यात एकाच रेघेवर येत. निकाल स्पष्ट होता: निऑन म्हणजे 20 आणि 22 यांचं मिश्रण, 20.2 ही नुसती सरासरी! क्लोरीनचंही तेच, 35 आणि 37. 1922 मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. निसर्गातली 212 समस्थानिकं त्याने शोधली.

हायड्रोजन मात्र 1.008 वरच अडून राहिला. अ‍ॅस्टनने तेही .008 खोडलं नाही. चार हायड्रोजनचा एक हेलियम होताना हरवणारं हे वस्तुमान म्हणजेच सूर्याची ऊर्जा, असं एडिंग्टन यांनी 1920 मध्ये मांडलं.

अ‍ॅस्टन 1945 मध्ये गेला. त्याची पुसट रेघ मात्र पुढे गेली. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला उल्कापाषाण पडला. अशा पाषाणांत कुठेकुठे जवळजवळ निखळ निऑन-22 मिळाला. त्याचा माग काढत 1987 मध्ये सूर्याहूनही जुने सूक्ष्म कण हाती लागले. आज लेसरने अशा एकेका कणातले अणू उडवून, हव्या त्याच मूलद्रव्याचे आयन करून समस्थानिकं मोजतात.

माझं खोडलेलं रीडिंग बहुतेक चूकच असेल. पण ते तपासायची संधी मीच घालवली.