गर्भशास्त्रज्ञ कार्ल फॉन बेअर
कोंबडीच्या अंड्यांतून पिल्लूं बाहेर येतांना आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. परंतु तें आंत कसें घडत जातें, हें शोधण्यांत ज्यांनीं आपलें तारुण्य वेंचलें, अशा एका थोर पुरुषाची ओळख आज आम्ही करून देत आहों.

कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांचा जन्म १७९२ सालीं, त्या काळीं रशियन साम्राज्यांत मोडणाऱ्या एस्टोनियांत झाला. १८१४ सालीं दोर्पात येथें वैद्यकाची पदवी मिळवून ते जर्मन देशांत गेले. कोनिग्सबर्ग येथें अध्यापन करीत असतां, १८२७ सालीं कुत्रीच्या बीजकोशांत त्यांस एक पिंवळसर ठिपका दिसला. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां तें सस्तन प्राण्याचें अंडें ठरलें! विद्वान दीर्घकाळ जें शोधीत होते, तें हेंच.

मनुष्याचा गर्भ वाढतांना खालच्या प्राण्यांच्या पायऱ्या एकामागून एक चढतो, असें तेव्हां अनेक पंडित मानीत. १८२८ च्या आपल्या ग्रंथांत बेअर यांनीं हें मत खोडून काढलें. गर्भांत सामान्य लक्षणें आधीं व विशेष लक्षणें मागाहून उमटतात. म्हणून मनुष्याचा गर्भ प्रौढ माशासारखा कधींच नसतो, फार तर माशाच्या गर्भासारखा असतो, असें त्यांनीं दाखविलें. स्पिरिटांत ठेविलेल्या दोन गर्भांना नांवाची चिठ्ठी लावावयाची राहिली, तेव्हां ते सरड्याचे, पक्ष्याचे कीं सस्तन प्राण्याचे, हें त्यांस स्वतःसही सांगतां येईना. ही फजिती न लपवितां त्यांनीं ग्रंथांत नमूद केली.

पुढें १८५९ सालीं डार्विन यांनीं हीच हकीकत उत्क्रांतीच्या पुराव्यांत घेतली. मात्र प्रथम ती चुकून अगासिझ यांच्या नांवावर घातली व नंतर दुरुस्त केली. गंमत अशी कीं, नैसर्गिक निवडीचें तत्त्व बेअर यांस अखेरपर्यंत पटलें नाहीं. उलट १८६६ सालीं हेकेल यांनीं पायऱ्यांचें जुनें मत नव्या रूपांत मांडलें व तें फार लोकप्रिय झालें. आजचें शास्त्र तें जसेंच्या तसें मानीत नाहीं. गर्भांतील साम्य समान पूर्वजांकडून आलें आहे, असें तें सांगतें. म्हणजे निरीक्षणांत बेअर खरे ठरले आणि त्याचा अर्थ लावण्यांत डार्विन.

१८७६ सालीं दोर्पात येथेंच बेअर यांचें देहावसान झालें. विद्यार्थिमित्रहो, जें ओळखतां आलें नाहीं, तें तसेंच लिहून ठेवण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं होतें. आपल्या प्रयोगवहींतही तें असावें, एवढीच आमची इच्छा.