विश्लेषण : औषध एकच, गुण निराळा का? विल्यम विदरिंग यांच्या कोड्यात आतड्यातील जिवाणूंचा धागा

हृदयविकारावरील एका जुन्या औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टर आजही सावध असतात. या सावधगिरीची सुरुवात अठराव्या शतकातील एका इंग्रज डॉक्टरपासून होते.

विदरिंग कोण होते?
इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात १७४१ मध्ये जन्मलेले विदरिंग हे औषधविक्रेत्याचे पुत्र. एडिनबरा येथे वैद्यकाची पदवी घेऊन ते आधी स्टॅफर्डमध्ये आणि १७७५ पासून बर्मिंगहॅममध्ये डॉक्टरी करू लागले. ब्रिटनमधील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

फॉक्सग्लोव्हचा गुण कसा कळला?
१७७५ मध्ये श्रॉपशरमधील एका वृद्धेच्या घरगुती औषधाबाबत त्यांचे मत विचारण्यात आले. अंगावरची सूज उतरवणाऱ्या त्या औषधात वीसच्या आसपास वनस्पती होत्या. गुण फॉक्सग्लोव्हचा, हे त्यांनी ओळखले. दहा वर्षे उपचार करून १७८५ मध्ये त्यांनी दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात अपयशही लपवले नाही.

मात्रेचा पेच काय होता?
येथे औषध आणि विष यांत अंतर थोडे. मात्रा वाढली की उलट्या होतात, नाडी मंदावते, प्रसंगी जीव जातो. पानांचा जोर ऋतूनुसार बदलतो, म्हणून फुलोऱ्याच्या सुमारास तोडलेली पाने वापरावीत आणि लघवी, पोट किंवा नाडीवर परिणाम दिसताच औषध थांबवावे, अशी शिस्त त्यांनी घालून दिली. विदरिंग १७९९ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मारकावर फॉक्सग्लोव्ह कोरलेले आहे.

जिवाणूंचा संबंध काय?
१९३० मध्ये फॉक्सग्लोव्हच्याच एका भाऊबंद वनस्पतीतून डिगॉक्सिन वेगळे करण्यात आले. साधारण दहापैकी एका रुग्णाच्या आतड्यातील जिवाणू त्याचा बराचसा भाग निकामी करतात, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. हे काम करणारा जिवाणू म्हणजे एगर्थेला लेंटा. काही प्रतिजैविकांनी तो दबला, की पूर्वीच्याच मात्रेने रक्तातील औषध वाढते. यामागील जनुके २०१३ मध्ये उजेडात आली. ती या जिवाणूच्या सर्व उपप्रकारांत नसतात. प्रथिनयुक्त आहार दिलेल्या उंदरांत औषध निकामी होण्याचे प्रमाणही घटले.

रुग्णांसाठी अर्थ काय?
वनस्पतीतील द्रव्याचा परिणाम पानाइतकाच पोटावरही अवलंबून असतो. वय आणि मूत्रपिंडांच्या कार्याबरोबर जिवाणूंमुळेही फरक पडतो. त्यामुळे डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी नवे प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. रुग्ण पाहून मात्रा बेतण्याची विदरिंग यांची शिस्त म्हणूनच आजही लागू पडते.