आधी अंगण, मग पाटी : बोर्डी-कोसबाडच्या ताराबाई मोडक

डहाणू : पोरगं तीन वर्षांचं झालं की हल्ली घरात घाई सुरू होते. पेन्सिल हातात द्यायची, वहीचं पान पुढं करायचं आणि 'अ' काढ म्हणून मागं लागायचं. नाही जमलं तर धपाटा. शेजारच्याचं पोरगं शंभरपर्यंत आकडे म्हणतं, मग आपलं का नाही? ही घाई चुकीची आहे हे आपल्याच तालुक्यात राहून एका बाईनं दाखवून दिलं, त्याला आता पंच्याहत्तरहून जास्त वर्षं झाली. ताराबाई मोडक त्यांचं नाव.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, त्यामुळं मुलींनी शिकावं याला घरातून आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, नवरा वकील. संसार काही टिकला नाही. १९२१ साली घटस्फोट झाला आणि पदरात लहान मुलगी. त्या काळात घटस्फोट घेतलेली बाई म्हणजे लोक काय काय बोलत असतील, ते सांगायला नको. ताराबाईंनी राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद घेतलं. पगाराची, मानाची नोकरी होती.

तीही सोडली. गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. हेही मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर काढलं होतं. तिथं मारझोड नाही, घोकंपट्टी नाही. ताराबाई १९२३ साली तिथं गेल्या. इटलीच्या मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीत जी शाळा काढली, तिची पद्धत इथं आपल्या मुलांना जुळेल अशी वळवून घ्यायचं काम चाललं होतं. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ उभा केला.

या पद्धतीत लिहायला शिकवण्याची सुरुवात अक्षरापासून होतच नाही. आधी हात तयार करायचा. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात न सांडता ओतणं, डाळीतले खडे निवडणं, मणी ओवणं, बटणं लावणं. मोठ्यांना हा खेळ वाटतो. पण तीन बोटांच्या चिमटीत दाणा नीट धरता आला तरच पुढं पेन्सिल धरता येते. मग खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं. मुलानं त्यावर दोन बोटं फिरवायची आणि तोंडानं त्या अक्षराचा आवाज काढायचा. म्हणजे डोळा, कान आणि बोट तिन्ही एकदम कामाला लागतात. असं केलं की मूल आधी लिहू लागतं आणि वाचन त्यामागून येतं.

आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटानंच अक्षरं गिरवायचे. घरी ताटात बारीक वाळू किंवा रांगोळी पसरली, चिंचोके मांडून 'ग' केला, तरी तेच काम होतं. ग, म, भ, न ही अक्षरं वळणानं जवळची, म्हणून ती आधी घेतली की पोराला सोपं जातं. खर्च शून्य. मात्र आईनं किंवा आजीनं शेजारी बसायला हवं, आणि तेवढंच नेमकं आपल्याकडून होत नाही. मोबाईल हातात देणं सोपं पडतं.

ताराबाई पुढं मुंबईला आल्या, दादरला शिशुविहार काढलं. पण ही महागडी साधनं, ही टेबलं-खुर्च्या खेड्यात कोण घेणार, हा प्रश्न होताच. १९४५ साली वयाच्या ५३ व्या वर्षी त्या बोर्डीला आल्या. आचार्य भिसे आधीपासून तिथं शिक्षणाचं काम करीत होते. सोबतीला अनुताई वाघ आल्या, त्या तिशीतल्या. बालवाडी काढली तर गरिबांची, दलितांची आणि आदिवासींची पोरं येईनात. कारण साधं होतं. आई-बाप मजुरीला आणि धाकटी भावंडं थोरल्यांच्या कडेवर. मग ताराबाईंनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. पोरांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. साधनं म्हणजे शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे. अंगणवाडी हा शब्द अशा अंगणातूनच आला.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, वारली पाड्यांच्या मधोमध. घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची मराठी वेगळी, त्यात पोटाची चिंता. जी पोरं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी शाळा कुरणातच भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. थोरल्या बहिणीला धाकट्या भावामुळं शाळा सुटते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या, ती विकासवाडी. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. इतकी सरळ गोष्ट, पण आधी कुणाला सुचली नव्हती.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ साली स्वतः जाईपर्यंत चालवलं.