मोडक्या वाद्यांचे वैद्य : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

आमच्या खोलीच्या माळ्यावर एक गिटार पडून होती. मान वाकलेली, पाठ उकललेली, सहापैकी दोनच तारा शिल्लक. ती भंगारात द्यावी असे सर्वांचे मत झाले होते. त्याच सुमारास उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे चरित्र वाचनात आले आणि तो बेत तूर्त राहिला.

खाँसाहेबांचा जन्म उत्तरेतील कैराना येथे १८७२ साली, गाण्याबजावण्याच्या घरात झाला. आरंभी त्यांनी सारंगी हाती धरली. पुढे बीन, सतार, तबलाही शिकले आणि शेवटी कंठसंगीताकडे वळले. बडोद्याच्या दरबारात गायक असताना ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बरोडेकर ही त्यांचीच अपत्ये. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले. अखेरीस ते मिरजेत स्थिरावले. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य.

हा एवढा मोठा गवई वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करीत असे, हे किती जणांना ठाऊक असेल? वाद्ये बनविणे हे कारागिराचे काम आणि गाणे हे कलावंताचे, असा भेद त्यांनी मानला नाही. तंबोऱ्याची घोडी केसभर जरी जास्त घासली, तरी जवारी बिघडते आणि तार मुकी होते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा नेमक्या जागी सरकला, की तीच तार गुंजू लागते. ही जागा डोळ्यांना दिसत नाही. ती कानाला सापडते. देवल आणि क्लेमंट्स यांच्या श्रुतींच्या प्रयोगांना ज्यांच्या गळ्याने साहाय्य केले, त्यांचा कान केवढा सूक्ष्म असेल!

मिरजेच्या तंबोऱ्यांशी आपल्या भागाचेही एक नाते आहे. शिरूरची घोडनदी भीमेला मिळते. भीमा दौंडवरून पुढे पंढरपुराकडे जाते आणि त्या परिसरात पिकणारे भोपळे मिरजेत जाऊन तंबोरे होतात. आपल्याकडचे पाणी असे सुरात मिसळते!

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. तंबोरा जुळवून घेतला, ईश्वराचे नाव गायले आणि तेथेच देह ठेवला. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत. अखेरच्या घटकेलाही त्यांनी आधी वाद्य सुरात आणले, ही गोष्ट मनातून जात नाही.

मग आम्हीही माळ्यावरची गिटार खाली काढली. उकललेली पाठ सरसाने चिकटवून रात्रभर दोरीने आवळून ठेवली. मान काही सरळ होईना. वाकलेल्या मानेमुळे तारा उंच राहतात आणि बोटांनी दाबता येत नाहीत. परंतु गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडी कांडी फिरविली, तर तोच दोष गुण ठरतो. ब्रिजभूषण काब्रा यांनी अशाच आडव्या गिटारीवर राग वाजविले. त्यांचा जन्मही १९३७ सालचाच!

आमच्या गिटारीतून अजून राग निघत नाही. षड्ज मात्र निघतो. मित्रहो, आपल्याही माळ्यावर काही पडले असेल, तर टाकण्यापूर्वी एकदा कान लावून पाहा.