परिचारिकेची वाणी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव निघाले की हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. ही प्रतिमा खोटी नव्हे. पण ती अपुरी आहे. रुग्णाशी बोलणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे आणि तो शिकावा लागतो, ही त्यांची शिकवण मात्र दिव्याच्या तेजात झाकली गेली.

१८२० साली एका सधन इंग्रज कुटुंबात जन्मलेल्या या स्त्रीने घरच्यांचा विरोध पत्करून शुश्रूषेचा मार्ग धरला. १८५१ मध्ये जर्मनीतील कैझर्सवर्थ येथे त्यांनी शिक्षण घेतले. १८५४ मध्ये, क्रिमियन युद्धाच्या काळात, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे त्यांनी पुढे इतक्या नेमकेपणाने मांडले की, १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना आपली पहिली महिला सभासद करून घेतले.

युद्धावरून परतल्यावर त्या स्वतःच आजारी पडल्या आणि पुढची अनेक वर्षे त्यांना बव्हंशी अंथरुणावरच काढावी लागली. १८५९ मधील शुश्रूषेवरील त्यांच्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण रुग्णाला दिल्या जाणाऱ्या पोकळ आशा व उपदेश यांवर आहे. खोट्या धीराने रुग्ण सुखावत नाही, उलट एकाकी होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. रुग्णाशी त्याच्या समोर बसून बोलावे, पाठीमागून किंवा दारातून बोलू नये, खोलीबाहेर कुजबुजू नये, असे त्यांनी बजावले. झोप चांगली लागली का, असे मोघम विचारण्याऐवजी किती तास व कोणत्या वेळी लागली, हे विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या दृष्टीने नेमका प्रश्न हेही उपचाराचेच साधन होते.

लोकवर्गणीतून जमलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. परंतु १८७२ च्या सुमारास शाळेच्या कारभारात त्यांनी जातीने लक्ष घातले, तेव्हा विद्यार्थिनींच्या श्रमावर वॉर्ड चालतात आणि शिक्षण मागे पडते, असे त्यांना आढळून आले. त्यानंतर विद्यार्थिनींच्या अभ्यासाकडे पाहण्यासाठी स्वतंत्र शिक्षिका नेमण्यात आली.

१९१० मध्ये त्या निवर्तल्या. प्रश्न मात्र उरला आहे. शिकाऊ परिचारिकेला आपणही पुष्कळदा स्वस्तात लाभलेले दोन हात समजतो. तापमान किती वेळा घेतले याची नोंद होते. रुग्णाजवळ बसून त्याचे ऐकण्यात गेलेली दहा मिनिटे कोणत्याच तक्त्यात बसत नाहीत. मग घाईने, उभ्या उभ्या बोलण्याची सवय विद्यार्थिनीला जडली, तर दोष तिचा कसा म्हणावा? संभाषण हा अभ्यासक्रमात केवळ एक धडा असून भागणार नाही. त्यासाठी वॉर्डातील वेळ राखून ठेवावा लागेल. हा खर्च नाइटिंगेल यांच्या शाळेलाही चुकला नव्हता. तो आपणही केलाच पाहिजे.